गाडी उंच केली, तेलाचें काय?

मुंबई-गोवा महामार्गास मालवणचा रस्ता जेथें फुटतो त्या कसालच्या तिठ्यावर घटकाभर उभें राहिलें म्हणजे पाटे वाढवून उंच केलेल्या जीप व पिकअप गाड्या हल्लीं दृष्टीस पडतात. बागेच्या वाटा जांभ्या दगडाच्या व पावसाळ्यांत चिखलाच्या. तेव्हां गाडी उंच असावी असें बागाइतदारांस वाटणें साहजिक आहे. परंतु ज्या हेतूनें हा खर्च होतो तो हेतु त्यानें साधत नाहीं, उलट आंसाच्या पोटांतील तेलाची व्यवस्था मात्र बिघडते, असें आमचें अनुभवांतीं झालेलें मत आहे. तें कृषक बंधूंच्या विचारार्थ पुढें ठेवितों.

महसूल खात्यांतील कारकुनी संपवून आम्ही घरच्या कलमांकडे लक्ष देऊं लागलों, तेव्हां आमच्या पुतण्यानें एक जुनी जीप घेतली. एका कारागिराकडून त्यानें मागले पाटे वाढविले, त्यांच्या मागल्या टोंकाच्या शॅकल लांबविल्या आणि मधला दांडा सरळ यावा म्हणून पाट्याखालीं पाचरही घातली. गाडी ऐटबाज दिसूं लागली. पुढें ऐन वैशाखांत हापूसच्या पेट्या भरून सड्याचा चढ चढतांना मागून घरघर ऐकूं आली, व तिसऱ्या दिवशीं गाडी वाटेंतच बसली. आंस उघडून पाहतां पिनियनचें पुढचें बेअरिंग जळून निळें पडलेलें. आणि नवल असें कीं, तेल भरण्याच्या भोंकाशीं तेल बरोबर काठास लागलेलें! पेट्या दोन दिवस उन्हांत राहिल्या, आंबा वाटेंतच पिकला आणि भाव गेला तो गेलाच.

याचें कारण समजण्यास फार विद्या नको. आंसाच्या मध्यावरील लोखंडी कवचांत पिनियन हें लहान दांतेरी चाक क्राऊन या मोठ्या चाकास फिरवितें. वळणावर बाहेरच्या चाकास अधिक अंतर जावें लागतें. तो फरक सांभाळणारी योजनाही तेथेंच असते, म्हणून त्यास डिफरन्शियल हें नांव. तेल पोहोंचविण्यास तेथें बहुधा पंप नसतो. क्राऊन तळच्या तेलांत बुडून फिरतां फिरतां तें वर उडवितो व तेंच बेअरिंगांस मिळतें. तेलाची पातळी ठरविणारा कारखानदार आंस अमुक कोनांत बसला आहे हें गृहीत धरितो.

शॅकल लांबविली म्हणजे पाट्याचें मागलें टोंक खालीं जातें व पिनियनचें नाक वर उचललें जातें. चार फुटी पाट्यास शॅकल 2 इंच वाढविली तर गाडी सुमारें 1 इंचच उंच होते, पण आंस जवळजवळ अडीच अंश फिरतो. पाचरीचे अंश वेगळे. त्यांत दहास एक असा चढ लागला कीं आणखी पावणेसहा अंशांची भर पडते. घागर कलती केली म्हणजे पाणी एका कडेस जातें, तसें तेल मागें ओसरतें. आणि ओझें सर्वांत अधिक तेव्हांच पुढचें बेअरिंग कोरडें राहतें. भोंक मागल्या झाकणावर असेल तर तेंही आंसाबरोबर खालीं येतें, म्हणून काठोकाठ भरूनही तेल पूर्वीपेक्षां कमीच बसतें. आमच्या जीपचें गूढ तें हेंच.

कोणी म्हणेल, तेल थोडें अधिक घालावें. थोडें घालणें योग्यच. पण अति झाल्यास तेल घुसळून फेंसाळतें, तापतें व सील फोडून ब्रेकवर येतें. शिवाय मधल्या दांड्याच्या दोन टोंकांच्या क्रॉसांचे कोन सारखे असले तरच एकाचा हिसका दुसरा मोडतो. पाचरीनें एकच कोन सरळ केला तर दांडा थरथरूं लागतो.

आणि इतकें करून मिळतें काय? पाटे वाढवून वर जातो तो सांगाडा. दगडावर आपटणारें डिफरन्शियलचें कवच चाकांच्या आंसावरच असल्यानें जमिनीपासून होतें तेवढ्याच उंचीवर राहतें. तें उंच होतें तें केवळ मोठ्या टायरांनीं. कायद्याची बाजूही ध्यानांत ठेवावी. नोंदणीपत्रांतील तपशील कारखानदाराच्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार करण्यास मोटार वाहन कायदा, 1988, कलम 52 अन्वये मनाई आहे.

ज्यांच्या गाड्या उंच झालेल्याच आहेत त्यांनीं गाडी सपाट जागीं उभी करून पिनियनचा कोन मोजावा, गंवड्याच्या पारदर्शक नळीनें तेलाची खरी पातळी पाहावी, आणि ती पुढच्या बेअरिंगास पोहोंचते कीं नाहीं याची जाणत्या कारागिराकडून खात्री करावी. पावसाळ्यानंतर तेल दुधासारखें दिसलें तर आंत पाणी शिरलें असें समजून तें बदलावें.

बाकीच्यांस आमची विनंती एवढीच कीं, पाट्यांवर घालावयाचा पैसा वाटेवर घालावा. कवच ज्या दोन-चार दगडांवर आपटतें ते पावसापूर्वीं शेजाऱ्यांनीं मिळून फोडले तर सर्वांच्याच गाड्या सुखरूप जातील. बैलगाडीच्या आंसास वंगण घातल्यावांचून आपले वडील बाजारास निघत नसत. आंस आतां कवचांत झांकला गेला, म्हणून ती काळजी सुटली असें नव्हे.