चार दिवस दर्याकाठी



शेतकऱ्याच्या घरी पाहुणा येतो, पण शेतकरी स्वतः पाहुणा म्हणून सहसा कुठे जात नाही. गेलाच तर लग्नाला, दहाव्याला, नाहीतर पंढरीला. नुसते बसायला म्हणून चार दिवस गाव सोडावे, ही गोष्ट आपल्या मनाला पटतच नाही. लोक काय म्हणतील? म्हशीची धार कोण काढील? पाण्याची पाळी चुकली तर? अशी शंभर कारणे आपल्यापाशी तयार असतात आणि त्यातली नव्वद खरीही असतात. तरीही आज मी तुम्हाला अशाच एका बसायला जाण्याची हकिगत सांगणार आहे. ऐका आणि मग ठरवा.

आमचे थोरले बंधू, त्यांना आम्ही दादा म्हणतो. सांगोल्याच्या बाजूला त्यांची दोन एकर डाळिंबाची बाग होती. बारा वर्षे पोटच्या पोरासारखी सांभाळलेली. ती तेल्याने धरली. फवारण्या केल्या, छाटणी केली, रोगट फांद्या जाळल्या, पण एकदा हा रोग पक्का बसला की हटत नाही. शेवटी जेसीबी लावून बाग काढली. त्या दिवशी दादा जेवले नाहीत. नंतर जेवू लागले, पण बोलेनासे झाले. विचारले तेवढ्याला हूं करायचे आणि ओसरीवर बसून मोकळ्या रानाकडे बघत राहायचे. वहिनी रात्री दोन-दोनदा उठून त्यांचे अंथरूण बघत. का, ते मी लिहीत नाही. ज्यांच्या घरावरून असे दिवस गेले आहेत त्यांना ते कळेल.

एक दिवस वहिनीच मला म्हणाल्या, "भावजी, ह्यास्नी कुठंतरी घिऊन जाऊ. जिथून ते रान दिसणार न्हाई, अशा ठिकाणी."

हुरडा संपला होता आणि ज्वारीची काढणी लागायला आठ-दहा दिवस होते. शेजारच्या घरी शब्द टाकला. त्यांची सून म्हणाली, "जावा की निवांत. धारंचं मी बघते. तुमी आमच्या लेकीच्या लग्नात आठ दिस राबला, ते काय इसरलो व्हय?" असा प्रश्न सुटला. आपण विचारत नाही म्हणून तो सुटत नाही, एवढेच.

आम्ही गेलो रत्नागिरी जिल्ह्यातल्या आंजर्ल्याला. पंढरपूर, कराड करून कुंभार्ली घाट उतरलो आणि चिपळूण, खेड करीत दापोली गाठली. तिथून वीस-पंचवीस किलोमीटरवर हे गाव. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधल्या पट्टीत नारळी-पोफळीच्या वाड्या. जोग नदीच्या खाडीवर आता पूल आहे. पूर्वी हर्णैकडून येणाऱ्याला होडीने पलीकडे यावे लागे. गावात मोठा गलबला नाही. चिऱ्याची घरे, कौलांची छपरे, शेणाने सारवलेली अंगणे. संध्याकाळी सातनंतर ऐकू येते ती फक्त समुद्राची गाज.

उतरलो एका घरगुती ठिकाणी. जेवणात मऊ भात, कुळथाचे पिठले, सोलकढी. आपल्याकडच्या माणसाला भाकरीवाचून जेवल्यासारखे वाटत नाही, म्हणून जाताना आधीच फोनवर विचारून घ्या. ज्वारीची मिळाली नाही तरी तांदळाची भाकरी करून देतात. आणि त्यांचा हात मसाल्याला हलका असतो, तेव्हा चटणीची एक पुडी पिशवीत असू द्यावी.

पहिल्या दिवशी दादा वाळूवर बसले आणि उठलेच नाहीत. मला वाटले, ओसरी बदलली एवढेच. वहिनींनी मात्र चपला काढल्या, लुगड्याचा घोळ वर घेतला आणि घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहिल्या. लाट परतताना पायाखालची वाळू सरकली तशा त्या "अगं बया!" करून हसल्या. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांना असे हसताना मी पहिल्यांदा पाहिले. त्यांनी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता, हे आमच्या घरात कुणाला कधी सुचलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी हर्णैच्या बंदरावर गेलो. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा आहे. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे हे एक मोठे ठाणे. पण दादांचे लक्ष किल्ल्याकडे नव्हते. मासळी किनाऱ्याला आणण्यासाठी बैलगाडी सरळ समुद्रात शिरत होती. लाट छातीला लागते आहे आणि बैल शांत उभे! दादा पुढे झाले, गाडीवानाला म्हणाले, "खाऱ्या पाण्यानं खुरं बिघडत न्हाईत व्हय?" गाडीवान म्हणाला, "घरी गेल्यावर गोड्या पाण्याने धुतो की." दोघे दहा मिनिटे बैलांबद्दल बोलत राहिले. वहिनींनी माझ्याकडे बघितले, मी त्यांच्याकडे. कुणी काही बोललो नाही. मोडेल असे वाटले.

खरी गोष्ट घडली तिसऱ्या दिवशी सकाळी. आमच्या घरमालकांचे वडील, वय पंचाहत्तरच्या पुढे, वाडीत शिंपणे करीत होते. दादा जाऊन बांधावर उभे राहिले. वाडी पाहून ते चक्रावले. मधूनमधून चार-सहा जुने उंच माड आणि बाकी सगळी रोपेच. त्यांनी विचारले, "बाग नवी दिसते?"

म्हाताऱ्याने सांगितले ते असे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. ताशी शंभर-एकशेदहा किलोमीटरचा वारा. दापोली, मंडणगड, श्रीवर्धन, मुरूडपर्यंतच्या वाड्या त्यात झोपल्या. यांच्या आजोबांनी लावलेली पोफळ दुपारच्या तीन-चार तासांत आडवी झाली. वारा थांबल्यावर बाहेर आले, तर घरातून समुद्र दिसत होता. जन्मात कधी दिसला नव्हता तो. मध्ये वाडी असायची.

दादांनी विचारले, "मग?"

"मग काय? आठ महिने नुसती लाकडे काढत होतो. मग केळी लावल्या. पोफळीच्या रोपाला लहानपणी कडक ऊन सोसत नाही, सावली लागते. आधी केळ, तिच्या आडोशाला पोफळ. पोफळ धरायला पाच-सात वर्षे लागतात, माडाला त्याहून थोडी जास्तच."

दादांनी त्यांच्या वयाकडे बघितले असावे. म्हातारा हसला. "मी खाल्ली ती सुपारी माझ्या आजोबांनी लावलेली. त्यांनी विचारले नव्हते कोण खाणार म्हणून. मी कशाला विचारू? ते जाऊ दे, तुम्ही घाटावरचे, हात मोकळे दिसतात. तेवढे पाणी त्या दांडाला वळवा."

दादांनी धोतर खोचले आणि खोरे घेतले. दोन तास ते पाणी फिरवीत होते. नंतर त्या दोघांत काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही. पण जेवायला बसल्यावर दादांनी आपण होऊन सांगितले, "आपली बाग बारा वरसांची हुती. ह्यांची साठ वरसांची." आणि पानावरचा भात संपवला.

त्याच संध्याकाळी किनाऱ्यावर कासवांची पिल्ले सोडली. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री वाळूत येते, खड्डा करून शंभरेक अंडी घालते आणि निघून जाते. गावकरी आणि वनखाते ती अंडी कुंपणाच्या आत सांभाळतात. पन्नासेक दिवसांनी तळहातावर मावतील एवढी पिल्ले वर येतात. शेजारच्या वेळास गावात २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांच्या साथीने हे काम उभे केले, मग ते बाकीच्या गावांतही पसरले. पूर्वी ही अंडी खाल्ली जात, विकली जात. आज तीच राखल्याने गावात पाहुणा येतो आणि चार घरांची चूल चालते. पिल्लू लाटेकडे धावते, लाट त्याला मागे फेकते, ते परत वळते. वहिनी प्रत्येकाला "जा बाळा, जा" म्हणत होत्या.

शेवटच्या दिवशी कड्यावरच्या गणपतीला गेलो. वरून खाडी, गाव, समुद्र सगळे एका नजरेत येते. परतीला मुरूडला थांबलो. महर्षी कर्व्यांचे बालपण या गावी गेले. १९१६ साली ज्यांनी बायकांसाठी विद्यापीठ काढले ते हेच, असे सांगितल्यावर वहिनींनी त्यांच्या पुतळ्याला हात जोडले. त्या स्वतः तिसरी शिकल्या आहेत.

आता तुम्ही जाणार असाल तर चार कामाच्या गोष्टी.

पहिली गोष्ट पाण्याची. आपण पोहायला शिकतो विहिरीत. विहिरीचे पाणी जागेवर असते. समुद्राचे पाणी तुम्हाला घेऊन जाते. ओहोटी लागली असताना आणि खाडीच्या मुखाशी कधीही पाण्यात उतरू नका. गावचा माणूस नको म्हणाला तर त्याच्याशी हुज्जत घालू नका. गुडघ्याच्या वर पाणी नको. पोरांचा हात सोडू नका. पावसाळ्यात तर किनाऱ्यावरूनच नमस्कार.

भरती-ओहोटीचा ढोबळ हिशेब आपल्या पंचांगावरच करता येतो. मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. दशमीला साडेसात. तिथून सुमारे सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी जास्त चढते. अष्टमीला भांग, पाणी कमी. तरी नेमकी वेळ गावातच विचारावी.

दुसरी गोष्ट हंगामाची. डिसेंबर ते मार्च बरा. कासवांची पिल्ले बघायची तर फेब्रुवारी-मार्च, पण ती कधी बाहेर येतील याचा भरवसा नसतो. किनाऱ्यावर रात्री बॅटरी पाडू नका, उजेडाने पिल्ले वाट चुकतात. जून-जुलैमध्ये यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या मासळीच्या आशेने जाऊ नये.

तिसरी गोष्ट खर्चाची. सुटीचे वार आणि नाताळ टाळा, राहणे स्वस्त पडते. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे, त्याचा फायदा घ्या. मालकांना आधी फोन करून माणसामागे जेवणासकट किती, हे ठरवून घ्या, मागाहून तोंड वाईट होत नाही.

चौथी गोष्ट आपल्या धंद्याची. दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ आहे, १९७२ साली स्थापन झालेले. त्यांची रोपवाटिका बघितल्याशिवाय येऊ नका. शेतकऱ्याचे मन समुद्रापेक्षा तिथे जास्त रमते, असा माझा अनुभव.

आणि एक सांगायचे राहिले. समुद्र म्हणजे औषध नव्हे. घरचे माणूस असे गप्प झाले तर त्याला डॉक्टरलाही दाखवा. आम्ही परत आल्यावर दाखवले. त्यात कमीपणा काही नाही, तेल्या आलेल्या झाडाची आपण लाज धरतो का? दादांची बाग काही परत आली नाही, कर्ज तेवढेच आहे. रात्री झोप अजून तुटते.

पण येताना दापोलीहून त्यांनी माडाची दोन रोपे घेतली. मी म्हटले, "दादा, आपल्या हवेत हे यायचं न्हाई नीट." ते म्हणाले, "हौदाच्या सांडपाण्यावर लावू. आलं तर आलं." एसटीत रात्रभर ती रोपे त्यांनी दोन पायांमध्ये धरली होती. आता न्हाणीमागे लावली आहेत. उन्हासाठी दोन केळी आधी लावल्या, मग रोपे. रोज सकाळी दादा त्यांना पाणी घालतात आणि मग रानात जातात.

तुमच्याही घरात कुणीतरी असेल, ज्याने आजवर फक्त पाळी, धार आणि हप्ता एवढेच पाहिले. काढणीच्या आधीचे चार दिवस त्याच्यासाठी काढा. शेजाऱ्याला धारेचे विचारा. तो नाही म्हणणार नाही.

बरे आहे, पुढच्या आठवड्यात भेटूच.