आधी कलाभवन, मग बँक

वडोदऱ्यात छोटा उद्योग सुरू करणाऱ्याला मिळणारी सरकारी मदत बहुतांशी कर्ज आणि त्यावरचे अनुदान या स्वरूपाची असते. 2015 मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेत 50,000 रुपयांपर्यंत शिशू, 5 लाखांपर्यंत किशोर आणि 10 लाखांपर्यंत तरुण अशा मूळ पायऱ्या आहेत. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम 2008 पासून चालू आहे. त्यात उत्पादनासाठी 50 लाखांपर्यंतचा आणि सेवेसाठी 20 लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. शिवाय गुजरात सरकारची वाजपेयी बँकेबल योजना आहे आणि फेरीवाल्यांसाठी पीएम स्वनिधी. कोठीवरच्या कुबेर भवनातील जिल्हा उद्योग केंद्रात यांतल्या बऱ्याच योजनांची चौकशी होते. उद्यम नोंदणी तर पूर्णपणे मोफत आहे, तरी ती करून देण्याचे पैसे घेणारे एजंट गावोगाव आहेत. सूक्ष्म आणि लघू उद्योगाकडून ठरावीक मर्यादेपर्यंतच्या कर्जासाठी बँकेने तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडकही आहे.

इतके सगळे असूनही नवा उद्योजक चाचपडतो, कारण या मदतीचा क्रम उलटा आहे. कर्ज आधी येते. माल कसा बनवायचा, काय भावाने विकायचा आणि कोण घेणार, या गोष्टी ज्याच्या त्याने नंतर शोधायच्या. रोजगार निर्मिती कार्यक्रमात बहुतेक प्रकल्पांसाठी प्रशिक्षण सक्तीचे आहे खरे, पण ते काही दिवसांचे असते आणि बहुधा कर्ज मंजूर झाल्यावर होते. प्रकल्प अहवाल बहुधा कुणाकडून तरी टंकून घेतलेला असतो. त्यातले विक्रीचे आकडे कुठून आले हे बँकेच्या अधिकाऱ्याने विचारले, की अर्जदार गप्प बसतो. यात दोष अर्जदाराचा कमी आणि व्यवस्थेचा जास्त आहे.

अनुदानाचे आकर्षणही याच घोटाळ्यात भर घालते. रोजगार निर्मिती कार्यक्रमात शहरातील सर्वसाधारण गटातल्या माणसाने 5 लाखांचा प्रकल्प मांडला, तर त्याने स्वतःचे 10 टक्के, म्हणजे 50,000 रुपये घालायचे असतात आणि अनुदान 15 टक्के, म्हणजे 75,000 मिळते. स्त्रीने तोच प्रकल्प केला तर तिचा वाटा 25,000 रुपये आणि अनुदान सव्वा लाख. ग्रामीण भागात ते आणखी वाढते. मात्र ही रक्कम हातात पडत नाही. ती तीन वर्षे बँकेत मुदत ठेव म्हणून राहते आणि उद्योग चालू असल्याची खात्री पटल्यावर कर्जात वळती होते. म्हणजे पहिली तीन वर्षे धंदा गिऱ्हाइकाच्याच पैशावर तगला पाहिजे. अनुदान गृहीत धरून महिन्याचा हिशेब मांडणाऱ्याचे गणित तिथेच फसते.

बडोद्याचा स्वतःचा इतिहास वेगळा क्रम सांगतो. 1889 मध्ये विठ्ठल लक्ष्मण तथा भाऊसाहेब कवठेकर यांच्या मार्गदर्शनाखाली इथे अन्योन्य सहकारी मंडळी निघाली. सहकारी पतसंस्थांचा कायदा 1904 चा. ही मंडळी त्याच्या पंधरा वर्षे आधीची, आणि देशातील पहिली सहकारी संस्था म्हणून तिचे नाव घेतले जाते. पुढे तिची बँक झाली आणि या शतकाच्या पहिल्या दशकात ती बँक अडचणीत आली, त्यामुळे तिचा दाखला देताना थोडा संकोच होणारच. पण एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांनी एकमेकांना उभे करायचे, हे मूळ तत्त्व त्याने खोटे ठरत नाही. 1890 मध्ये सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढले. प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह देशी भाषेतून शिकवण्याचा होता, आणि रंगकाम, यंत्रकाम, सुतारकाम हे तिथले विषय होते. गज्जर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1907 मध्ये अलेम्बिक कंपनी सुरू केली. बँक ऑफ बडोदा आली ती त्यानंतर, 20 जुलै 1908 रोजी.

याच कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळके यांचे उदाहरण या संदर्भात फार बोलके आहे. चित्रपट काढायचा ठरल्यावर त्यांनी विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून 1912 मध्ये लंडन गाठले आणि कॅमेरा आणला. पुढचे भांडवल कुणी सहजासहजी देईना. तेव्हा त्यांनी कुंडीतल्या रोपाची वाढ थोडी थोडी चित्रित करून छोटीशी फिल्म तयार केली आणि ती पैसेवाल्याला दाखवली. नमुना पाहिल्यावर पैसा आला, आणि 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला.

आजचा नियम मात्र नमुन्याला फारशी जागा ठेवत नाही. रोजगार निर्मिती कार्यक्रम केवळ नव्या उद्योगांसाठी आहे. आधीपासून चालू असलेला उद्योग त्यात बसत नाही. वर्षभर घरच्या ओट्यावर चकल्या तळून शेजारपाजारच्या सोसायट्यांत विकणाऱ्या, सगळी नोंदणी रीतसर केलेल्या बाईला ‘तुमचा धंदा तर सुरूच आहे’ असे ऐकावे लागू शकते, आणि जिने कढईही चढवलेली नाही तिची फाईल पुढे सरकते. मुद्राचे कर्ज घेऊन फेडलेल्या उद्योगाला विस्तारासाठी याच कार्यक्रमातून 15 टक्के अनुदानाचे दुसरे कर्ज मिळू शकते. ही वाट अधिक शहाणपणाची आहे, पण तिच्याविषयी फारसे सांगितले जात नाही.

मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत मोठ्या कारखान्यांसाठी सुटे भाग करणाऱ्याला वेगळी अडचण असते. त्याच्याकडे ऑर्डर असते, पैसे अडकलेले असतात. 2006 च्या कायद्यानुसार सूक्ष्म व लघू उद्योगाचे बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकते व्हायला हवे. न झाल्यास चक्रवाढ व्याज लागू होते आणि सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. उद्यम नोंदणीचा खरा फायदा इथे आहे. पण एकाच गिऱ्हाइकावर पोट असलेला माणूस त्याच्याविरुद्ध तक्रार करील, ही अपेक्षा भाबडी आहे. असे काम उद्योजकांच्या संघटनेने त्याच्या वतीने करायचे असते.

कर्जाआधी कौशल्य आणि नमुना हा क्रम पुन्हा लावायला लागणारे बळ शहरात आहे. कलाभवनाचा वारसा महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान शाखेकडे आहे. वडोदरा चेंबर ही उद्योजकांची संघटना मकरपुऱ्यातच आहे. निवृत्त बँक अधिकारी आणि अभियंते गल्लोगल्ली सापडतील, आणि 2018 चे साहित्य संमेलन पार पाडणाऱ्या इथल्या मराठी समाजाला माणसे जमवणे जड नाही. तेव्हा जिल्हा उद्योग केंद्राने चेंबरच्या मदतीने आठवड्यातून एक दिवस अशा अनुभवी माणसांना अर्जदारांसमोर बसवावे. विद्यापीठाने सुट्टीत कार्यशाळेतली यंत्रे नमुना करू पाहणाऱ्यांना माफक भाड्याने द्यावीत. मराठी संस्थांनी दिवाळी फराळाच्या प्रदर्शनापलीकडे जाऊन हिशेब, वेष्टन आणि अन्नपरवान्याचे वर्ग घ्यावेत. आणि केंद्र सरकारने चाचणीदाखल वर्षभर चालवलेल्या छोट्या धंद्याला ‘नवा उद्योग’ मानण्याची दुरुस्ती रोजगार निर्मिती कार्यक्रमात करावी.

— एक वाचक, रावपुरा, वडोदरा