पाटी बदलली, पाया टिकेल काय?

वरणगावच्या आयुध निर्माणीवरील पाटी बदलली, त्याला आता काही वर्षे लोटली. १ ऑक्टोबर २०२१ रोजी केंद्र सरकारने कोलकात्याचे आयुध निर्माणी मंडळ विसर्जित केले आणि देशभरातील ४१ कारखाने ७ सरकारी कंपन्यांत वाटून टाकले. वरणगाव पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे गेले, शेजारचे भुसावळ नागपूरच्या यंत्र इंडियाकडे. या उलथापालथीने संस्था बळावली की खचली, याचा हिशेब शांत चित्ताने मांडणे आता अवश्य झाले आहे.

जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. १९६२ च्या चिनी आक्रमणाने दारूगोळ्याची निकड उघडी पाडली आणि १९६४ साली वरणगाव उभे राहिले. म्हणजे या कारखान्याचा जन्मच एका धक्क्यातून झाला. पुढे मात्र ठरलेले गिऱ्हाईक आणि दूरच्या मंडळाच्या संमतीची वाट पाहणे, यांत चपळाई हरवली. केळकर समितीने २००५ च्या सुमारास कंपनीकरणाची शिफारस केली होती. दीड दशकाचा अवधी हाती असूनही कामगारांचे मन वळवता आले नाही. संघटनांनी संपाचा इशारा देताच संपबंदीचा वटहुकूम व मागाहून कायदा आला. बदल झाला, पण विश्वास मागे राहिला.

कंपनीचे आकडे आज उत्साहवर्धक आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. २०२४-२५ मध्ये तिची निर्यात तीन हजार कोटी रुपयांच्या वर गेली आणि २०२५ साली तिला मिनीरत्न दर्जा मिळाला. तथापि २०२२ पासूनच्या युक्रेन युद्धाने जगभर दारूगोळ्याची मागणी वाढवली, हेही विसरून चालणार नाही. शिवाय ही मागणी मुख्यतः तोफगोळ्यांची. वरणगाव घडविते ती रायफलची काडतुसे. कंपनीची तेजी म्हणजे वरणगावचे स्थैर्य नव्हे.

हे स्थैर्य कशात आहे? पितळेची वाटी टप्प्याटप्प्याने ओढून, मधूनमधून तापवून मऊ करून काडतुसाचे कवच बनते. त्यातील बारीक दोष हेरणारी नजर वर्षानुवर्षांच्या सरावाने येते, आणि तो दोष सुटला तर सीमेवरील जवानाची बंदूक ऐन वेळी अडते. अशी नजर असलेले कामगार २ वर्षांच्या प्रतिनियुक्तीवर कंपनीकडे सोपविले गेले आणि पुढे मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत गेली. ज्याचे उद्या अनिश्चित, तो नवशिक्याला मनापासून काय शिकविणार?

आमच्या मते धक्का संस्थेला आपोआप बळकट करीत नाही. तो जुनी जळमटे झाडतो. पुढची बांधणी माणसांनाच करावी लागते. म्हणून सेवाशर्तींचा कायम निर्णय, निवृत्त होणाऱ्यांचे कसब पुढच्या पिढीकडे सोपविण्याची तजवीज आणि तेजीतील नफ्याचा वाटा वरणगावच्या यंत्रसामग्रीसाठी, या तीन गोष्टी सरकारने व कंपनीने तेजी ओसरण्यापूर्वीच केल्या पाहिजेत. मंदीत त्या करण्याचे सामर्थ्य उरत नाही.