डब्याआधी बीपी मोजा



पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या बॅगेत आजकाल पावडरचे डबे दिसतात. त्यातलाच एखादा डबा मग घरी बाबांच्या हाती पडतो. "घ्या, यानं बीपी पण उतरते." डब्यावर नाव असतं आर्जिनिन. हे एक अमिनो आम्ल, प्रथिनांचा लहानसा घटक.

पोरगं अगदीच खोटं बोलत नाही. आर्जिनिनपासून शरीर नायट्रिक ऑक्साइड बनवतं, त्यानं रक्तवाहिन्या सैल होतात. या वायूचं हे काम उलगडणाऱ्या तिघांना १९९८ चं नोबेल मिळालं. २०११ साली आर्जिनिनच्या ११ चाचण्यांचा एकत्र हिशेब मांडला गेला. माणसं सगळी मिळून ३८७. बीपीचा वरचा आकडा सरासरी पाचेक अंकांनी उतरला, खालचा अडीच-पावणेतीन. पण त्यासाठी रोज ४ ते २४ ग्रॅम पावडर पोटात गेली होती. ज्याचा बीपी १२०/८० आहे, त्यानं तो आणखी कशाला उतरवायचा?

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी तर या डब्याला हात लावू नये. अमेरिकेत अशा १५३ रुग्णांवर चाचणी झाली. आर्जिनिन घेणाऱ्यांपैकी ६ जण दगावले, न घेणाऱ्यांपैकी एकही नाही. चाचणी तिथंच थांबवली.

आणि १०० ग्रॅम शेंगदाण्यांत जवळपास ३ ग्रॅम आर्जिनिन असतंच. तुरीचं वरण, सोयाबीन, जवसाची चटणी यांतही ते आहे. खरी काळजी मिठाची करा. दिवसभराचं मीठ ५ ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. त्यात लोणचं, पापड, ठेचा सगळं आलं. खर्रा तर सोडाच. तंबाखूनं बीपी वाढतो.

सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचं आरोग्य प्रशिक्षण केंद्र आपल्या आंजी गावातच आहे. तिशी ओलांडली असेल तर बीपी मोजून घ्या. अर्धा तास आधी चहा नको, खर्रा नको. पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसा, मगच दंडाला पट्टा बांधू द्या. आकडा १४०/९० च्या वर गेला तर पुन्हा जा, पुन्हा मोजा. सुरू असलेली गोळी डब्याच्या भरवशावर बंद करू नका. डबा घेतच असाल, तर तो पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवायला न्या.