वावरातले ब्रेक आणि घाटातले ब्रेक



कापूस वेचणीला आला की आमच्याकडे येणारे प्रश्न बदलतात. फवारणीचे प्रश्न मागे पडतात आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीचे सुरू होतात. मोताळा तालुक्यातील एका शेतकऱ्याने नुकताच विचारलेला प्रश्न असा : "साहेब, ब्रेकची लायनिंग बदलायची आहे. दुकानदार दोन तऱ्हेची दाखवतो. एक नरम, स्वस्त. दुसरी कडक, महाग. म्हणतो, कडक घ्या, दुप्पट चालेल. कोणती घेऊ?"

प्रश्न चांगला आहे. उत्तर मात्र "ही घ्या" किंवा "ती घ्या" एवढ्यात संपत नाही. कारण आपला ट्रॅक्टर एकच, पण नोकऱ्या दोन करतो. सकाळी वावरात वखर ओढतो आणि दुपारी माल भरून बाजाराला निघतो. वावरात वेग बैलाच्या चालीचा. तिथे ब्रेकचे मुख्य काम म्हणजे धुऱ्यावर एका बाजूचा पेडल दाबून वळण घेणे. ब्रेक तिथे फारसा तापत नाही. धूळ, चिखल आणि ओल हेच त्याचे शत्रू. पण तोच ट्रॅक्टर भरल्या ट्रॉलीसह राजूर घाट किंवा बोथ्याचा घाट उतरू लागला, की ब्रेकचा शत्रू बदलतो. तिथे शत्रू उष्णता.

ही उष्णता किती, याचा हिशेब एकदा करून पाहा. ट्रॅक्टर, ट्रॉली आणि माल मिळून ७ टन धरा आणि उतार २०० मीटर उंचीचा धरा. एवढे ओझे खाली येताना जी शक्ती मोकळी होते, तिने सुमारे ४५ लिटर थंड पाणी उकळीला येईल. यातला काही भाग चाके आणि वारा खातात. उरलेली सगळी उष्णता, तुम्ही गिअर काढून उतरलात तर, दोन ब्रेकच्या चकत्यांना पोटात घ्यावी लागते. लायनिंगमध्ये तंतू आणि भुकटी धरून ठेवणारी राळ असते. ती फार तापली की जळू लागते, करपट वास येतो आणि पकड सुटते. पेडल पायाला घट्ट लागतो, पण गाडी थांबत नाही. ड्रायव्हर घाबरून आणखी जोर लावतो, त्याने उष्णता आणखी वाढते.

मग कडक लायनिंगच घ्यावी का? इथेच गोम आहे. शर्यतीच्या मोटारींचे ब्रेक पाहा. आपल्या देशात २०११ साली ग्रेटर नोएडा येथे फॉर्म्युला वन शर्यत झाली. त्या मोटारींचे कार्बनचे ब्रेक काहीशे अंश तापल्यावरच नीट पकडतात. थंड असताना त्यांची पकड कमी. म्हणून हौशी लोक रस्त्यावरची मोटार शर्यतीच्या मैदानावर नेतात, तेव्हा ब्रेकचे पॅड बदलतात आणि घरी निघताना पुन्हा रस्त्याचे घालतात. आपल्याला तशी सोय नाही. ट्रॅक्टरचे ब्रेक वावरासाठी वेगळे आणि घाटासाठी वेगळे, असे दर शनिवारी कोण उघडणार? अति कडक लायनिंग वावरात थंडपणी कमी धरते आणि समोरची लोखंडी चकतीही खाते. अति नरम असेल ती वावरात छान चावते, पण लवकर झिजते आणि घाटात दगा देते.

तेव्हा आमचे मत असे. ट्रॅक्टर कंपनीने त्या मॉडेलला जी लायनिंग नेमून दिली आहे, तीच बंद खोक्यातली, पावती घेऊन घ्यावी. दुकानदाराचे "दुप्पट चालेल" ऐकून घ्यावे आणि सोडून द्यावे. ब्रेक किती वर्षे टिकला याला महत्त्व आहेच, पण तो किती हातांत थांबवतो याला जास्त आहे. एका बाजूची झिजली तरी दोन्ही बाजूंची एकदमच बदलावी. रिबिटांची डोकी चकतीला लागेपर्यंत वाट पाहू नये. आणि लायनिंग तेलकट झाली असेल तर आधी एक्सलचे सील बदलावे, नाहीतर नवीही आठ दिवसांत तेल पिईल.

नवा ट्रॅक्टर घेणाऱ्यांचे वेगळे. ज्यांचा माल वर्षभर घाटाने खाली जातो, त्यांनी तेलात बुडालेल्या ब्रेकचा ट्रॅक्टर पाहावा. तेल उष्णता वाहून नेते, धूळ-पाणी आत शिरत नाही. पण तेल पुस्तिकेत लिहिलेलेच घालावे. भलतेच घातले तर ब्रेक कुरकुरतात किंवा घसरतात. त्याची दुरुस्तीही महाग पडते. सपाट रानातच काम असेल तर कोरड्या चकत्यांचा ब्रेक पुरेसा आहे. उगाच जास्त पैसे घालू नयेत.

आता खरी गोष्ट. घाटात गाडी धरायची ती ब्रेकने नव्हे, इंजिनाने. ज्या गिअरमध्ये तो घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा आणि गिअर माथ्यावरच टाका. अर्ध्या उतारावर गिअर पडत नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडणे आणि क्लच दाबून उतरणे, दोन्ही सारखेच घातक. रस्त्याला लागताच दोन्ही पेडलांची कडी अडकवा. वेगात एकच पेडल दाबला गेला तर ट्रॅक्टर उलटतो. ही कडी गंजून गळून पडलेले ट्रॅक्टर आम्ही गावोगाव पाहतो.

आणि ट्रॉली? बंडी उतारावर असली की बैल मान मागे टाकून ओझे थोपवतात. ट्रॉलीला थोपवणारे कोणी नसते. बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकच नाहीत. ट्रॅक्टर थांबू पाहतो आणि ट्रॉली मागून ढकलते, वळणावर आडवी करते. कापसाची ट्रॉली दिसायला डोंगराएवढी, पण गिट्टीच्या ट्रॉलीपुढे ती हलकी. गिट्टी-मुरूम वाहणाऱ्यांनी तरी ट्रॉलीला ब्रेक बसवून घ्यावेत. लायनिंगच्या भारी-हलक्या प्रतीपेक्षा हा खर्च अधिक कामाचा. शेतमालाच्या ट्रॉलीत वऱ्हाडी किंवा मजूर बसवणे कायद्याने मना आहे. घरातल्या बायकांनीच "आम्ही बसणार नाही" म्हटले, तर ते आमच्या सांगण्यापेक्षा लवकर ऐकले जाईल.

लायनिंग बसवल्यावर लगेच घाटात जाऊ नये. आधी काही फेऱ्या रिकाम्या ट्रॅक्टरने, हलका ब्रेक लावीत कराव्या, म्हणजे लायनिंग चकतीशी जुळते. मग मोकळ्या कच्च्या रस्त्यावर कडी अडकवून ब्रेक दाबा आणि खाली उतरून मागच्या चाकांचे ओरखडे पाहा. दोन्ही सारख्या लांबीचे हवेत. एक लांब, एक आखूड दिसला तर पेडलांची ढील पुस्तिकेप्रमाणे सारखी करून घ्या. नेहमी एकाच बाजूला वळणाऱ्यांच्या ट्रॅक्टरमध्ये हा फरक लवकर पडतो. नाला ओलांडल्यावर ब्रेक भिजला असेल तर हळू चालीत दोन-चारदा हलका दाबून सुकवावा.

जुने ब्रेक उघडताना आतली भुकटी तोंडाने किंवा हवेच्या नळीने फुंकू नका. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुप्फुसात कायमची बसते. ओल्या फडक्याने पुसा, मुलांना दूर ठेवा, ते कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका.

ट्रॉलीत दोन लाकडी ठोकळे दोरीने बांधून ठेवा. चढावर गाडी बंद पडली तर चाकामागे तेच लावा. दोरी असली की ते ट्रॉलीबरोबर परत येतात. दगड लावणारे लोक दगड रस्त्यातच सोडून निघून जातात, आणि रात्री मोटारसायकलवाला त्यावर आदळतो.