पाण्याला घाबरणाऱ्याला ढकलू नका

चवथीच्या विसर्जनाला सगळे घर नदीवर जाते. पुरुष कंबरभर पाण्यात उतरतात, मुले डुंबतात, आणि घरातली एखादी वहिनी आरतीचे ताट धरून सर्वांत वरच्या पायरीवर थांबते. कोणी हाक मारतो, कोणी हसतो, एखादा दीर थट्टेने हात धरून तिला खाली ओढू पाहतो. तिच्या हाताला सुटलेला घाम आणि छातीतली धडधड त्या गडबडीत कोणाच्या ध्यानातही येत नाही.

गोव्यातले पेडणे आणि डिचोली हे पाण्याचेच तालुके. तेरेखोल, शापोरा, वाळवंटी, मांडवी. केरी-हरमलपासून मोरजीपर्यंतचा किनारा. मयेचे तळे, हरवळेचा धबधबा, देवळांच्या तळ्या, दारातल्या विहिरी. अशा मुलखात पाण्याला भिणारा माणूस आपली भीती लपवून ठेवतो. सहलीला नाव देत नाही, केरीहून तेरेखोलला फेरीबोटीने जायचे म्हटले की त्याला नेमके काम निघते. अशा माणसांना आणि त्यांच्या घरच्यांना माझे हे सांगणे आहे.

आधी घरच्यांना. कृपा करून कोणालाही पाण्यात ढकलू नका, थट्टेनेही नाही. ‘ढकलून दिले की माणूस आपोआप शिकतो’ असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. तसे शिकलेले लोक ती गोष्ट चारचौघांत रंगवून सांगतात. त्याच ढकलण्याने ज्यांनी पाण्याचा कायमचा धसका घेतला, ते गप्प असतात. म्हणून आपल्याला एकच बाजू ऐकू येते.

हा धसका भित्रेपणा नव्हे. लहानपणी एकदा नाकातोंडात पाणी गेलेले असते, कोणी बुडताना पाहिलेले असते, किंवा ‘कोंडीकडे गेलास तर ओढून नेईल’ हे शब्द वर्षानुवर्षे कानांवर पडलेले असतात. २०२१ च्या जुलैत डिचोली, सत्तरी आणि पेडण्यातल्या घरांत पुराचे पाणी शिरले. अशा रात्रीनंतर नुसत्या पावसाच्या आवाजानेही कोणाची झोप उडत असेल, तर त्यात नवल नाही. धोका ओळखायला मेंदू एकदा शिकला की पाणी दिसताच तो शरीराला पळण्याची तयारी करायला लावतो. माणूस मागे फिरतो, लगेच बरे वाटते, आणि मेंदू धडा घेतो की पळालो म्हणून वाचलो. टाळण्याने भीती मुरते ती अशी.

ती उतरवण्याची वाटही जुनीच आहे. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या छोट्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. तो आवडीचे खात असताना ससा पिंजऱ्यात लांबवर ठेवायचा आणि हळूहळू जवळ आणायचा, असे करत शेवटी मुलगा सशाला हात लावू लागला. भीतीवरचे आजचे उपचारही बव्हंशी याच तत्त्वावर चालतात: थोडे थोडे जवळ जायचे, आणि किती जवळ ते घाबरणाऱ्याने ठरवायचे.

म्हणून सुरुवात न्हाणीघरात करा. बादलीत कोमट पाणी घ्या, तोंड पाण्याला टेकवा आणि फुंकर घालून बुडबुडे काढा. मग ओठ मिटून, नाकाने ‘हम्म’ असा आवाज करत नाक बुडवा. हवा बाहेर येत असते तोवर पाणी नाकात सहसा शिरत नाही, हे स्वतः अनुभवल्याशिवाय पटत नाही. भीतीला शून्य ते दहा असे गुण द्या. आठवर असाल तर पुढची पायरी नको. तिथेच थांबून सावकाश श्वास सोडत राहा. आकडा तीन-चारवर आला की आजचे काम झाले. भीती ऐन भरात असताना पाठ फिरवू नका. फारच वाढली तर एक पाऊल मागे या, शांत व्हा आणि मग निघा.

फेरीबोटीचाही उपयोग करून घ्या. नार्वे-दिवाडी किंवा सारमानस-टोक या फेऱ्यांत पाय कोरडे ठेवून चारी बाजूंना पाणी पाहता येते. पहिल्या खेपेला मधोमध उभे राहा, पुढे कधीतरी कठड्याशी जा. सोबत कोणीतरी हवे, पण गप्प राहणारे.

नंतर तरणतलाव. उथळ बाजू, छातीपर्यंत पाणी, शेजारी प्रशिक्षक. इथे बहुतेक शिकवणारे लगेच ‘तरंगा’ म्हणतात. माझे ऐकाल तर आधी उभे राहायला शिका. मोठ्या माणसाची खरी भीती असते ती पाय जमिनीवरून सुटले तर पुन्हा टेकता येतील की नाही याची. पाठीवर तरंगत असाल तर हनुवटी छातीला लावा, दोन्ही गुडघे पोटाशी घ्या, हातांनी पाणी मागून पुढे लोटा. अंग आपोआप बसल्यासारखे होते, मग पाय खाली सोडा आणि उभे राहा. प्रशिक्षकाचा हात पाठीखाली असताना हे इतक्या वेळा करा की विचार करावा लागणार नाही. उभे राहता येते ही खात्री पटली की मान सैल सुटते, आणि मान सैल सुटली की माणूस तरंगतो. फुप्फुसे हवेने भरलेली असताना बहुतेकांचे शरीर पाण्यापेक्षा किंचित हलकेच असते. घाबरून डोके वर काढले की पाय खाली जातात, एवढेच.

आपल्याकडे पूर्वी दोन असोले सुके नारळ बांधून पोरांना पोहायला शिकवत. आधार चांगलाच, पण तो निसटू शकतो. नारळ असो की ट्यूब, जवळ पोहणारा माणूस हवाच.

भीती गेली तरी सावधपण जाऊ देऊ नका. डिचोलीतल्या बंद खाणींच्या खंदकांत साठलेले पाणी वरून निवांत दिसते, पण काठ उभे असतात आणि पहिल्याच पावलाला खोली लागू शकते. तिथे पट्टीच्या पोहणाऱ्यानेही उतरू नये. पावसाळ्यात धबधबा आणि समुद्र दोन्ही वर्ज्य. एरवी किनाऱ्यावर लाल बावटा असेल तिथे पाण्यात जायचे नाही. लाल-पिवळ्या बावट्यांमध्ये, जीवरक्षकाच्या नजरेसमोरच राहायचे. कोणी बुडताना दिसला तर उडी घेण्याआधी दोरी, काठी, रिकामा कॅन, जे हाताला लागेल ते त्याच्याकडे टाका आणि १०८ ला फोन लावा.

आणखी एक, अगदी वेगळी गोष्ट. कुत्रा चावल्यानंतर काही दिवसांनी किंवा महिन्यांनी पाणी पिताना घसा आवळू लागला, तर ती मनाची भीती समजू नका. ते रेबीजचे लक्षण असू शकते. तडक इस्पितळ गाठा. मुळात चावल्या दिवशीच जखम साबणाने धुऊन लस घ्यायची असते.

अंघोळीचीही धास्ती वाटते, पुराच्या आठवणीने झोप लागत नाही, पूल ओलांडता येत नाही म्हणून नोकरी सोडायची पाळी आली, असे असेल तर एकट्याने झुंजू नका. बांबोळीच्या मनोविकार संस्थेत उपचार मिळतात, आणि टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोनवरूनही बोलता येते.

तरणतलाव चालवणाऱ्यांना आणि गावोगावच्या मंडळांना शेवटची विनंती. स्पर्धेसाठी मुलांच्या तुकड्या असतातच. आठवड्यातला एक तास मोठ्या, घाबरणाऱ्या माणसांसाठी राखून ठेवा. बायकांची वेळ वेगळी ठेवा, अंगभर पोहण्याचा पोशाख चालेल असे फलकावर लिहा, आणि त्या तासाला बघ्यांना आत सोडू नका.