डोळ्यांची दप्तरे

चेन्नईहून निघणारा आमचा हा अंक चित्रलेखनाला वाहिलेला असल्याने तंजावरचे मराठी राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांचे स्मरण क्रमप्राप्त आहे. वारसाहक्काच्या तंट्यापायी तरुणपणी ज्यांना याच शहरात, तेव्हाच्या मद्रासेत, मिशनऱ्यांपाशी विद्याभ्यास करावा लागला, त्या राजांच्या पदरी पुढे नेत्ररोग्यांवर उपचार होऊ लागले, तेव्हा रोग्याची हकीकत आणि योजलेले औषध एवढाच तपशील दप्तरी दाखल करून न थांबता पीडित नेत्राचे चित्रही रेखाटून घेतले जाई. बाहुलीवरची पांढुरकी झाक कुठवर पसरली आहे आणि तिची कड बुबुळाशी कशी मिळते, हे शब्दांत सांगू जाता वैद्याचे पानभर लिहूनही समाधान होत नाही. कुशल चित्रकार तेच लहानशा वर्तुळात निःसंदिग्धपणे दाखवितो. चित्र ही अल्पशिक्षितांची सोय होय, असे मानणाऱ्या पंडितांनी (त्यांची जात अद्याप निर्वंश झालेली नाही) हे ध्यानी घ्यावे की, ही चित्रे सरस्वती महालासारखा ग्रंथसंग्रह समृद्ध करणाऱ्या राजाच्या पदरची आहेत. शंकर नेत्रालय या चेन्नईतील रुग्णालयाच्या डॉक्टरांनी या पत्रकांचा अभ्यास करून २०१२ साली शोधनिबंध प्रसिद्ध केला.